साकेची चव, धानाच्या नजरेनं

तुमसरच्या बाजारात धान घेणारा व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर धान तळहातावर घेतो, दुसऱ्या तळहातानं रगडतो आणि फुंकर मारतो. फोल उडून जातं, हातात तपकिरी दाणे राहतात. त्यातला एक तो दाताखाली धरतो. कटकन तुटला तर धान वाळलेलं, दबला तर ओलं. आधारभूत केंद्रावर ओल मोजायला यंत्र असतं आणि १७ टक्क्यांच्या वर आकडा गेला की धान घेत नाहीत. पण यंत्राच्या आधी दाताचा निकाल लागलेला असतो. मग दाणा उजेडात धरून पोटात पांढरा डाग आहे का, हे पाहिलं जातं. डाग असला की भाव पडतो, कारण असा तांदूळ मिलमध्ये तुटतो आणि कणी वाढते.

जपानी साकेबद्दल जगात जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक वाईन पिणाऱ्यांसाठी असतं. द्राक्षाच्या भाषेत तांदूळ समजावून सांगण्याचा तो खटाटोप वाचताना गंमत वाटते. खरं तर एका बाटलीत आणि दुसरीत काय फरक आहे, हे कळायला भंडारा जिल्ह्यातला धानवाला जास्त लायक. साकेची प्रतवारी सुरू होते ती दाणा किती घासला यावरून, आणि घासलेल्या दाण्याचा हिशेब या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही येतो.

आधी नावाचा घोळ. जपानी भाषेत ‘साके’ म्हणजे कुठलीही दारू. बिअरही साके, व्हिस्कीही साके. आपण ज्याला साके म्हणतो तिला तिथे ‘निहोनशु’ म्हणतात, म्हणजे जपानची दारू. तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट एवढाच तिचा संसार. ती भट्टीवर उकळून थेंब थेंब गाळलेली नसते, आंबवून पिळलेली असते. त्यामुळे तिच्यातलं अल्कोहोल साधारण १५-१६ टक्के, वाईनपेक्षा थोडं वर आणि व्हिस्कीच्या निम्म्याहूनही कमी.

आता भरडाई. सरकारी भरडाईत मिलवाल्यानं एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो, उकडा असेल तर ६८. बाकी फोल, कोंढा. जपानी कारखानदार फोल काढलेल्या तपकिरी तांदळापासून मोजायला सुरुवात करतो. त्याला तो शंभर टक्के धरतो आणि घासून किती उरला तो आकडा बाटलीवर छापतो. घरी शिजवायचा पांढरा तांदूळ या मापानं नव्वदच्या आसपास बसतो. साकेच्या ‘होंजोझो’ प्रकारासाठी तो सत्तरवर किंवा त्याच्याही खाली आणावा लागतो. ‘गिंजो’ म्हणायचं तर साठ किंवा कमी. ‘दाईगिंजो’ला पन्नास किंवा कमी. म्हणजे एक क्विंटल धान घेतलं, २० किलोच्या आसपास फोल गेलं, उरलेल्या ८० किलोतून दाईगिंजोला जेमतेम ४० किलो दाणा मिळाला. भंडाऱ्यातला कुठलाही मिलवाला हा उतारा ऐकून कपाळाला हात लावेल.

एवढं का घासायचं? दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि तेल असतं. जेवणात ते चांगलंच, पण आंबवताना त्यातून जड, रांगडी चव येते आणि फळासारखा नाजूक वास दबून जातो. आतला भाग जवळजवळ निव्वळ पिष्टाचा. जितकं आत जावं तितकी साके हलकी आणि सुगंधी. पण घाई केली तर दाणा तापतो, तडकतो आणि कणी होते. तुटका दाणा जपानमध्येही तोट्याचाच. म्हणून उभ्या यंत्रात दगडी चाकावर तो हळूहळू, दोन-दोन, तीन-तीन दिवस फिरत राहतो. हिरोशिमाजवळच्या साइजो गावात १८९६ साली रिइची साताके यांनी जपानचं पहिलं इंजिनावर चालणारं तांदूळ घासणीचं यंत्र बनवलं. त्यांची साताके कंपनी आजही राईस मिलची यंत्रं बनवते आणि हे नाव आपल्याकडच्या मोठ्या मिलवाल्यांच्या ओळखीचं आहे. घासून निघालेली पांढरी पूड तिथे बिस्किटांत, मिठायांत जाते. टाकून काहीच देत नाहीत.

यामागोमाग येते ती हौस. यामागुची प्रांतातल्या असाही शुझो या कारखान्याची ‘दास्साई २३’ जगभर गाजली. तिच्यात दाण्याचे २३ टक्केच उरतात. मग शर्यत लागली. यामागाता प्रांतातल्या ताते नो कावा कारखान्यानं २०१७ साली एक टक्का उरवलेल्या तांदळाची साके बाजारात आणली. शंभर किलोतून एक किलो. इथे चव संपली आणि मिरवणं सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. जपानमधल्या कितीतरी जाणत्यांना सत्तर-ऐंशी टक्क्यांची, तांदळाची चव शाबूत ठेवलेली साके जास्त आवडते. जास्त घासलेली ती जास्त चांगली, हा समज बाटलीची किंमत पाहून होतो.

बाटलीवर दुसरा शब्द शोधायचा तो ‘जुनमाई’. म्हणजे निव्वळ तांदूळ, बाहेरून अल्कोहोल घातलेलं नाही. हा शब्द नसेल तर शेवटी थोडं शुद्ध अल्कोहोल मिसळलेलं असतं. चांगल्या प्रतीत त्याचं प्रमाण कायद्यानं बांधलेलं आहे, तांदळाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि हेतू असतो सुगंध ओढून काढण्याचा. पण या मिसळण्याला एक बदनाम भूतकाळ आहे. युद्धकाळात आणि नंतर तांदूळ मिळेना, तेव्हा अल्कोहोल, साखर घालून एका पिंपाची तीन पिंपं केली जात. अशा तिप्पट साकेला ‘साके’ म्हणून विकणं २००६ साली बंद झालं. तोवर दोन पिढ्यांनी तीच खरी मानून प्यायली होती. जुनमाई या शब्दाला तिथे एवढा मान का, ते यावरून कळावं.

तांदळाच्या जातीकडे वळलं की भंडारा आणि जपान एकमेकांसमोर उलटे उभे राहतात. व्यापारी ज्या पांढऱ्या पोटावर नाक मुरडतो, तेच पोट साकेवाल्याला हवं असतं. त्याला ‘शिनपाकु’ म्हणतात, पांढरं काळीज. तो भाग भुसभुशीत असतो, कोजीचे तंतू त्यात खोल शिरतात. दाणाही मोठा लागतो. जेवणाच्या तांदळाचे हजार दाणे २२ ग्रॅमच्या आसपास भरतात, ‘यामादा निशिकी’चे २७-२८. साकेच्या तांदळांचा राजा म्हणतात तो हाच. ह्योगो प्रांतात १९२३ साली संकर झाला आणि १९३६ साली नाव मिळालं. रोप उंच वाढतं, लोंबी जड होते, वारा आला की लोळतं. शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण भाव मिळतो.

त्याच्या आधीपासूनचा ‘ओमाची’. ओकायामाकडचा किशिमोतो जिंझो नावाचा शेतकरी १८५९ साली दाईसेन डोंगराची यात्रा करून परतत होता. वाटेत कुणाच्या तरी बांधीत त्याला दोन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यानं त्या आणल्या, लावल्या, वाढवल्या. हे वाचताना झाडीपट्टीतल्या माणसाला दादाजी खोब्रागडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. वर्षानुवर्षं बी निवडत त्यांनी जी जात तयार केली, तिला व्यापाऱ्यानं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव देऊन टाकलं : एचएमटी. आज ती भंडाऱ्याच्या घराघरात शिजते. दादाजी २०१८ साली गेले. नाव झालं, पैसा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. ओमाचीच्या नावानं मात्र जपानमध्ये चाहते वेगळे जमतात, बाटलीवर ‘ओमाची’ लिहिलेलं असलं की जास्त पैसे मोजतात. त्या साकेची चव मातकट, भरदार आणि तोंडात रेंगाळणारी असते. यामादा निशिकीची गोलसर आणि नेटकी. निगाताकडच्या ‘गोह्याकुमानगोकु’ची पातळ, स्वच्छ, घशाखाली चटकन उतरणारी.

मग भंडाऱ्याच्या चिन्नोरची साके होईल का? २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ बारीक, मऊ आणि वासाचा. शेजारच्या घरात शिजला तरी कळतं. पण साकेला तो मुळीच चालायचा नाही. दाणा बारीक, निम्मा घासायला गेलं तर हातात चुराच येईल, आणि ज्या सुगंधासाठी चिन्नोर घ्यायचा त्या सुगंधाची साकेवाल्याला गरज नाही. त्याला वास यीस्टकडून हवा असतो. चिन्नोर ताटात वाढावा, वर वरण घालावं.

इथे एक प्रश्न उरतो. जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात, तळ्यांनी अंग भरलेलं, आणि दारू मात्र पिढ्यानपिढ्या तांदळाची नाही, मोहाची. असं का? उत्तराचा मोठा भाग रसायनात आहे. मोहाच्या फुलात साखर तयारच असते. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचली, वाळवली, भिजत घातली की हवेतलं यीस्ट आपोआप कामाला लागतं. तांदळात साखर नाही, पिष्ट आहे, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. आधी कुणीतरी त्याची साखर करून द्यावी लागते. झारखंडकडे हंडिया करणाऱ्या बाया मुळ्या-पाल्यांच्या गोळ्या घालतात त्या यासाठीच. जपान्यांनी हे काम एका बुरशीला दिलं. वाफवलेल्या तांदळावर ‘ॲस्परजिलस ओरायझी’चे बीजाणू भुरभुरायचे आणि उबदार लाकडी खोलीत दोन दिवस रात्रीसुद्धा उठून तांदूळ चाळत राहायचा. दाण्यावर पांढरी लव धरते, भाजलेल्या चेस्टनटसारखा, आपल्या भाषेत भाजलेल्या शिंगाड्यासारखा वास येतो. हीच कोजी. भांड्यात ती एकीकडे पिष्टाची साखर करत जाते, दुसरीकडे यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत जातं. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच पिंपात, म्हणून अल्कोहोल वीस टक्क्यांपर्यंत चढतं. नंतर पाणी घालून खाली आणतात.

त्याआधी तांदूळ भिजवतात तेव्हाची शिस्त पाहण्यासारखी. पन्नास टक्क्यांखाली घासलेला दाणा पाणी इतकं पटकन पितो की कामगार हातात स्टॉपवॉच धरून उभे राहतात. सेकंदांवर टोपल्या उचलतात. मग शिजवायचं नाही, वाफवायचं. बाहेरून कडक, आतून मऊ. आपल्याकडे सुनेच्या भाताला जी परीक्षा लागते, तिचं हे कारखानी रूप.

मोहाची आठवण निघालीच आहे तर ‘पहिल्या धारेची’ हा शब्द घ्यावा. भट्टीतून आधी येते ती कडक, नंतर उतरत जाते, आणि चाखणारा एका घोटात सांगतो धार कितवी. साकेत भट्टी नाही, तरी धारा आहेत. आंबलेला लगदा कापडी पिशव्यांत भरून पिळताना दाब न देता आपोआप जी पहिली निघते तिला ‘आराबाशिरी’ म्हणतात : थोडी गढूळ, उसळती, तरतरीत. मधली ‘नाकादोरी’, सगळ्यात समतोल, स्पर्धेला पाठवतात ती हीच. शेवटी जोर लावून काढलेली ‘सेमे’, तुरट आणि दाट. मोहात पहिल्या धारेचा मान, साकेत मधलीचा. उरलेल्या चोथ्यात, ‘कासु’त, भाज्या मुरवून लोणची घालतात.

फरक एवढाच की साकेवाल्याच्या दारात कर अधिकारी हिशेब पाहायला येतो, आणि मोहाची हातभट्टी बेकायदा असल्यानं पोलीस. बेकायदा म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे भेसळीत जीव जाऊ शकतो. तिथे चव-तुलनेच्या गप्पा थांबलेल्या बऱ्या. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०२२ साली काजूबोंडं, मोहफुलं यांच्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात बसवण्याचा निर्णय घेतला. तिकडे डहाणूची साउथ सीज डिस्टिलरीज मोहाची बाटली ‘सिक्स ब्रदर्स’ नावानं विकते. भंडाऱ्याच्या जंगलातल्या वेचणाऱ्या बाईपर्यंत यातलं काय पोचतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

जपानचं आणि या भागाचं नातं मात्र दारूचं नाही. पवनी तालुक्यात रुयाळला जपानी बौद्धांच्या मदतीनं महासमाधीभूमीचा स्तूप उभा आहे, कामठीला ड्रॅगन पॅलेस आहे, पाहुणे येतात-जातात. पंचशील रोज म्हणणाऱ्या घराला पाचवं, दारू टाळण्याचं शील सांगायला नको. म्हणूनच इतिहासातली ही गोष्ट गमतीची : मध्ययुगात जपानमधली उत्तम साके बौद्ध मठांतच बनायची. नारा शहराजवळचं शोर्याकुजी हे मंदिर नितळ साकेचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. भिक्षूंनी पेयाला नाव ठेवलं होतं ‘हान्न्यातो’, प्रज्ञेचं गरम पाणी. शीलही सांभाळलं आणि पेलाही.

आता प्रत्यक्ष चाखणं. परीक्षक जो पेला वापरतात तो पांढऱ्या चिनी मातीचा असतो आणि तळाशी निळी दोन वर्तुळं, सापाच्या डोळ्यासारखी. पांढऱ्यावर साकेचा रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. चांगली ताजी साके पाण्यासारखी नसते, तिला किंचित पिवळट-हिरवट झाक असते. जुनी मुरलेली मधाच्या रंगाची. हिरोशिमा प्रांतातल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेची नव्या साकेची परीक्षा १९११ पासून चालत आलेली आहे. तिथे शेकडो पेले ओळीनं मांडलेले असतात आणि परीक्षक घोट घेऊन, तोंडानं हवा ओढून, थुंकत पुढे सरकतात. गिळत बसलं तर दहाव्या पेल्यानंतर निकाल कोण देणार?

घरी तीन पेले पुरे. एक दाईगिंजो, एक साधी जुनमाई आणि एक ‘किमोतो’. आधी हुंगायचं. दाईगिंजोत पिकलेलं केळं किंवा सफरचंद येईल, कधी खरबूज, म्हणजे वैनगंगेच्या रेतीत पिकतं ते डांगर. फळ त्यात थेंबभरही नसतं, सगळी करामत थंडीत हळूहळू काम करणाऱ्या यीस्टची. जुनमाईला नाक लावलं तर नुकत्या उतरवलेल्या भाताची वाफ आठवेल, चव पेजेसारखी खोल, जिभेच्या मागे बसणारी. किमोतो ही जुनी पद्धत. तिच्यात आंबटपणा आणणारे जिवाणू बाहेरून न आणता आपोआप येऊ देतात, त्यासाठी लाकडी दांड्यांनी लगदा घोटत बसावं लागतं. १९०९ साली संशोधकांनी दाखवून दिलं की घोटलं नाही तरी चालतं. त्या घोटणं-बंद साकेला ‘यामाहाई’ म्हणतात. दोन्हींत ताकासारखा आंबूस धागा असतो, भाजलेल्या, तिखट जेवणापुढे त्याच टिकतात. सावजी रश्श्यापुढे दाईगिंजो ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

बाटलीच्या मागे अधिक-उणे चिन्हाचा आकडा असतो. उणे गोडसर, अधिक कोरडी. या कोरडीला जपानी शब्द आहे ‘काराकुची’, शब्दशः तिखट तोंडाची. भिवापुरी मिरची खाणाऱ्यानं फार अपेक्षा ठेवू नये. पाण्याचाही हात असतो. कोबेजवळच्या नादा भागात ‘मियामिझु’ नावाचं खनिजांनी जड पाणी मिळतं, १८४० साली एका कारखानदाराला त्याचा शोध लागला. यीस्ट त्यात जोरात धावतं आणि साके धारदार होते. क्योटोतल्या फुशिमीचं पाणी मृदू, साकेही मृदू. लोक एकीला पुरुषी आणि दुसरीला बायकी म्हणत आले. बायकांनी या वर्गीकरणाला कधी मत दिलं होतं का, ते विचारायला हवं.

आणि एकच बाटली दोन तपमानांना प्यायली तर दोन दारू वाटतात. पाच अंशांना ‘युकिहिए’, बर्फाची थंडी; दहाला ‘हानाहिए’, फुलांची थंडी. वर जाताना ३५ अंशांना अंगाच्या उबेची, ४० ला कोमट, ४५ ला ‘जोकान’, ५० ला ‘आत्सुकान’. दाईगिंजो गरम केली की वास उडून जातो आणि हाती कडवटपणा राहतो. उलट साधी जुनमाई किंवा यामाहाई ४५ ला नेली की आंबटपणा मवाळ होतो, तांदूळ उघडतो. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा ओट्यावर ठेवलेली बाटली दुपारी दोन वाजता न तापवताच जोकान होईल. पण तशी ती दोन दिवसही ठेवू नये. उन्हानं आणि उजेडानं साके पिवळी पडते, वास जळका होतो. ‘नामा’ लिहिलेली, म्हणजे पाश्चरीकरण न केलेली बाटली तर फ्रीजबाहेर ठेवायचीच नाही. दुकानातून घरी आणतानाही बर्फाच्या डब्यात.